बाण कुठे लागावा? शिकारीतील हलाल आणि एहसान



या महिन्यात एका वाचक पित्याने विचारलेला प्रश्न आपल्यासमोर ठेवत आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत राहतो. तेथे शरद ऋतूत सरकारी परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते आणि धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांसाठी बहुतेक राज्यांत वेगळा हंगाम राखून ठेवलेला असतो. मुलाने धनुर्विद्या शिकली, परवाना मिळवला आणि मग वडिलांना फोनवर विचारले : हरणाला बाण कुठे मारला म्हणजे त्याचे मांस हलाल होईल? जबह गळ्यावर होतो, तर बाणही मानेवरच मारायला हवा का?

प्रश्न एका वाक्याचा आहे. परंतु त्यात दोन प्रश्न आहेत. एक, मांस हलाल केव्हा होते? दुसरा, ज्या जिवाचा प्राण घेण्याची अनुमती अल्लाहने आपल्याला दिली, त्याचा प्राण कसा घ्यावा? पहिल्याचे उत्तर देऊन थांबलो तर अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल.

उत्तरापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा अशा प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. येथे राहणाऱ्या वाचकांनी पुढील विवेचन ज्ञान म्हणून वाचावे. ते शिकारीचे आमंत्रण समजू नये. शिकार शरीअतमध्ये वैध आहे, फर्ज नाही. वैध गोष्टीसाठी देशाचा कायदा मोडणे आणि स्वतःला व कुटुंबाला संकटात टाकणे हे मोमिनाला शोभत नाही. परदेशात राहणाऱ्यांनीही तेथील परवाना, हंगाम आणि प्राण्यांच्या संख्येची मर्यादा काटेकोरपणे पाळावी.

जबहाचे दोन प्रकार

फुकहांनी जबहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला ‘इख्तियारी’, म्हणजे प्राणी आपल्या ताब्यात असताना केलेला. बकरी, गाय, कोंबडी यांच्या गळ्यातील श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या धारदार सुरीने कापणे, हा तो प्रकार. दुसरा ‘इज्तिरारी’, म्हणजे नाइलाजाचा. प्राणी ताब्यात नाही, त्याच्या गळ्यापर्यंत हात पोहोचत नाही, अशा वेळी धारदार शस्त्राने त्याच्या शरीरावर कोठेही जखम झाली, रक्त वाहिले आणि त्या जखमेने तो मेला, तर ती जखमच जबहाच्या जागी धरली जाते.

याचा आधार हजरत राफे बिन खदीज (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. एका प्रवासात एक उंट बिथरून पळाला. तो कोणाच्याही हाती लागेना, तेव्हा एका माणसाने बाण मारून त्याला थांबवले. प्रेषितांनी (स.) सांगितले की, या जनावरांमध्येही रानटी प्राण्यांसारखे बिथरणे असते, जे तुमच्या हाती लागत नाही, त्याच्याशी असेच करा. म्हणजे पाळीव जनावर ताब्याबाहेर गेले की त्याला शिकारीचा नियम लागतो. त्याचप्रमाणे रानातले हरीण जिवंत हाती लागले की त्याला बकरीचा नियम लागतो. हे सूत्र लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तेव्हा मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : बाण मानेवरच लागला पाहिजे, अशी अट नाही.

बाणाच्या अटी

हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे दानशूर हातिम ताईंचे पुत्र. ते शिकारी होते आणि शिकारीचे अनेक मसले त्यांच्याच प्रश्नांमुळे आपल्यापर्यंत पोहोचले. त्यांनी ‘मिअराज’ नावाच्या, पिसे नसलेल्या जड बाणाविषयी विचारले. प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की, तो टोकाने लागून आत घुसला तर खा, आडवा लागून त्याच्या माराने प्राणी मेला तर खाऊ नका, कारण तो मार लागून मेलेला प्राणी आहे. सूरह अल्-माइदाच्या तिसऱ्या आयतीत मार लागून मेलेला आणि उंचावरून पडून मेलेला प्राणी निषिद्ध ठरवला आहे. म्हणून बाणाने कापले पाहिजे, आत शिरले पाहिजे. केवळ ठोसा देणारे बोथट टोक चालत नाही. गलोलीच्या दगडाने मेलेला पक्षीही याच कारणाने हलाल होत नाही. (बंदुकीच्या गोळीचा मसला वेगळा व दीर्घ आहे, तो येथे घेत नाही.)

दुसरी अट अल्लाहच्या नावाची. बाण सोडताना ‘बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हणावे. हनफी मतानुसार हेतुपुरस्सर नाव टाळले तर शिकार हराम होते. विसर पडला तर क्षमा आहे. शाफई मतानुसार नाव घेणे सुन्नत आहे. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आणि घाटावरील बहुतेक हनफी असल्यामुळे दोन्ही मते सांगितली. परंतु नाव घेण्याचा अभ्यास दोघांनीही सारखाच ठेवावा. येथे हनफी फुकहांनी एक सूक्ष्म भेद सांगितला आहे. घरच्या जबहात नाव प्राण्यावर घेतले जाते, म्हणून नाव घेतल्यावर सुरी बदलली तरी चालते. शिकारीत नाव बाणावर घेतले जाते, म्हणून एक बाण ठेवून दुसरा घेतला तर पुन्हा नाव घ्यावे लागते. याचे कारण उघड आहे. बाण हातातून सुटला की शिकाऱ्याच्या हाती काही उरत नाही. त्याचे जे काही कर्म आहे, ते सुटण्याच्या त्या क्षणापर्यंतच आहे.

‘कुठेही’ हे उत्तर अपुरे का?

आता कोणी म्हणेल की, जखम कोठेही चालत असेल तर नेम कोठेही धरावा. पायाला लागून हरीण तासाभराने रक्तस्रावाने मेले, तरी मांस हलालच की!

वाचकहो, हीच ती निसरडी जागा. फिक्ह मांसाचा हुकूम सांगते. एखादी गोष्ट हलाल ठरली याचा अर्थ ती करणारा प्रत्येक जण जबाबदारीतून सुटला, असा नव्हे. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसचा आशय असा की, अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, बंधनकारक केले आहे, प्राण घ्यायचा असेल तर तोही उत्तम रीतीने घ्यावा, जबह करायचा तर उत्तम रीतीने करावा, सुरीला धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा. लक्षात घ्या, दयेची आज्ञा येथे नेमक्या त्या कामात दिली आहे, ज्यात दया विसरणे सर्वांत सोपे असते.

फुकहांनी ‘कोठेही’ म्हटले ते सवलत म्हणून. धावत्या प्राण्यावर माणसाचा पूर्ण ताबा नसतो, म्हणून अल्लाहने त्याच्यावर गळ्याची अट घातली नाही. परंतु सवलत चुकलेल्या बाणासाठी आहे, निष्काळजी नेमासाठी नाही. ज्याला नेम धरण्याची सवड आहे, त्याच्यावर एहसानचा हुकूम कायम आहे. जेथे मृत्यू सर्वांत लवकर आणि सर्वांत निश्चित येतो, तेथेच नेम धरणे त्याचे कर्तव्य आहे.

नेम कोठे धरावा

ती जागा कोणती, हे प्राण्याच्या शरीररचनेवरून समजते. गोळी आणि बाण यांचे काम वेगळे असते. गोळी धक्क्याने इजा करते. बाण कापतो आणि रक्त वाहू देतो. या अर्थाने बाण सुरीच्या जवळचा आहे, आणि म्हणूनच त्याचे पाते वस्तऱ्यासारखे धारदार हवे. धारेविषयी हदीसमधील आज्ञा येथे जशीच्या तशी लागू होते.

हरणाचे हृदय छातीच्या पिंजऱ्यात खालच्या बाजूस, पुढच्या पायांच्या मध्ये असते. त्याच्या भोवती आणि वर दोन मोठी फुप्फुसे पसरलेली असतात. त्यांच्या मागे पडदा, मग यकृत आणि त्यामागे जठर व आतडी. हरीण आपल्यासमोर पूर्ण आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने डोळा वर न्यावा आणि छातीच्या तळापासून सुमारे एक तृतीयांश उंचीवर, खांद्याच्या किंचित मागे नेम धरावा. तेथून शिरलेला बाण फासळ्यांमधून जाऊन दोन्ही फुप्फुसे कापतो. जरा खाली गेला तर हृदयाला लागतो. अशा वेळी हरीण बहुधा काही सेकंदांतच, शे-दीडशे मीटरच्या आत कोसळते. बाण आरपार गेला तर दुसऱ्या बाजूनेही रक्त वाहते आणि माग काढणे सोपे होते.

हरीण तिरपे, म्हणजे तोंड आपल्यापासून दूर वळवून उभे असेल, तर बाण शिरण्याच्या जागेपेक्षा तो बाहेर कोठे निघेल याचा विचार करावा. पलीकडच्या पुढच्या पायाकडे तो निघेल असा नेम असावा. मचाणावरून मारताना बाण वरून खाली जातो, म्हणून तो थोडा वर शिरून पलीकडे खाली निघेल असे पाहावे. प्रत्यंचेचा आवाज ऐकून हरीण उडी घेण्यासाठी क्षणभर खाली दबते आणि बाण वरून निघून जातो; हेही नेम खालच्या भागात धरण्याचे एक कारण आहे.

आता मानेविषयी. मान अरुंद असते, सतत हलते आणि तिच्यात मांस व हाडच अधिक. रक्तवाहिनी चुकली तर हरीण जखम घेऊन पळते आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडते. डोक्याचेही तसेच. जबहाची जागा म्हणून मान निवडणाऱ्या मुलाचा हेतू चांगला आहे. परंतु सुरीची जागा ही बाणाची जागा नव्हे. सुरी धरलेला हात जनावराजवळ असतो, बाण मात्र वीस मीटरवरून येतो.

जेव्हा बाण सोडू नये

निष्णात धनुर्धारी सांगतात की, शिकारीतील कौशल्याचा मोठा भाग बाण न सोडण्यात आहे. हरीण समोरासमोर तोंड करून उभे असेल, किंवा तिरपे उभे राहून छाती आपल्याकडे वळलेली असेल, तर खांद्याचे जाड हाड वाटेत येते. पाठमोरे असेल तर बाण पोटात जातो. ते धावत असेल, मध्ये फांद्या असतील, उजेड कमी असेल, अंतर आपल्या सरावाबाहेर असेल (बहुतेकांसाठी २० ते ३० यार्ड, म्हणजे साधारण १८ ते २७ मीटर, हीच मर्यादा असते), तर धनुष्य खाली करावे.

हे सोपे नसते. पहाटेपासून थंडीत बसून राहावे, हंगाम संपत आलेला असावा, आणि हरीण यावे ते नेमके तोंड समोर करून! सूरह अल्-माइदाच्या ९४ व्या आयतीत अल्लाहने इहराममधील लोकांना सांगितले की, तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने तो तुमची परीक्षा घेईल. न पाहता त्याला भिणारा कोण, हे उघड व्हावे म्हणून. ती आज्ञा इहरामसाठी आहे, परंतु त्यातील बोध व्यापक आहे. शिकार हाताच्या टप्प्यात येणे ही नेहमी देणगीच असते असे नाही; कधी ती परीक्षा असते. रानात आपला बाण कसा सुटला, हे पाहणारे माणूस कोणी नसते. पाहणारा एकच असतो.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये शिकारीच्या मागे लागणारा गाफील होतो, असा इशारा आहे. अन्नासाठी केलेली शिकार आणि शिकारीचे व्यसन यांत फरक आहे. नमाजची वेळ टळू लागली, घरच्यांचा हक्क बुडू लागला, जीव घेण्यातच गंमत वाटू लागली, की समजावे, शिकार आता माणसाचीच होत आहे.

बाण लागल्यानंतर

बाण लागला आणि हरीण पडले. शिकारी जवळ गेला तेव्हा ते मेलेले असेल, तर वरील अटी पूर्ण झाल्या असता ते हलाल आहे. परंतु त्यात जीव असेल, तर आरंभीचे सूत्र आठवावे : हाती लागलेल्या प्राण्याला बकरीचा नियम. अल्लाहचे नाव घेऊन त्वरित गळ्यावर जबह करणे आता आवश्यक आहे. ते शक्य असताना केले नाही आणि हरीण मेले, तर ते खाता येणार नाही. म्हणून शिकाऱ्याच्या कमरेला धारदार सुरी असलीच पाहिजे.

येथे अनेकांची चूक होते. पडलेल्या, उठू न शकणाऱ्या हरणावर दूरूनच दुसरा बाण मारून मोकळे होण्याचा मोह होतो. हनफी फुकहांनी स्पष्ट केले आहे की, पहिल्या बाणाने प्राणी पळण्यास असमर्थ झाला असेल तर तो ताब्यात आला; मग दुसऱ्या बाणाने मेलेला हलाल नाही. तो अजून पळत असेल तर दुसरा बाण चालतो.

हरीण पाण्यात पडून मेलेले सापडले तर हजरत अदींच्या हदीसनुसार ते खाऊ नये. कारण बाणाने मेले की पाण्याने, हे कळत नाही. जिवंत असताना शरीराचा एखादा भाग तुटून वेगळा झाला, तर तो भागही हराम आहे.

वाट पाहण्याचा प्रश्न

शेवटी एक नाजूक बाब. बाण लागल्यावर लगेच मागे धावू नये, अर्धा तास थांबावे, असे धनुर्धारी शिकवतात. कारण पाठलागाने बिथरलेले हरीण दूर जाते आणि हरवते. बाण पोटात लागल्याचे दिसले (बाणावर हिरवट-तपकिरी घाण आणि दुर्गंधी असते), तर सहा ते बारा तास थांबण्याचाही सल्ला दिला जातो. दुसरीकडे, हनफी फिक्हची अट अशी की, दृष्टीआड झालेल्या शिकारीचा शोध सोडून बसू नये. शोध चालू ठेवून ती मेलेली सापडली तर हलाल, शोध सोडून बसल्यावर सापडली तर नाही. हजरत अदींच्या हदीसमध्ये एक-दोन दिवसांनी सापडलेल्या प्राण्यावर केवळ आपल्याच बाणाची खूण असेल तर खाण्याची अनुमती आहे. शाफई मजहबातील प्रसिद्ध मत मात्र अधिक कडक आहे : जखमी होऊन दृष्टीआड झालेला व नंतर मेलेला सापडलेला प्राणी खाऊ नये. इमाम नववी (रह.) यांनी हदीसच्या आधारे अनुमतीच्या मताला प्रमाणाच्या दृष्टीने बळकट मानले.

माझ्या अल्पमतीनुसार, हरीण गेले त्या दिशेवर डोळे-कान लावून, माग काढण्याच्या निश्चयाने जागेवर थांबणे, हे शोध सोडणे नव्हे. तो शोधाचाच भाग आहे. परंतु घरी जाऊन झोपणे आणि दुपारी परत येणे, हे वेगळे. अशा प्रसंगी आपल्या मजहबाच्या जवळच्या आलिमांना विचारावे आणि शंका राहिली तर ते मांस सोडून द्यावे.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. हा सगळा पेच कोणत्या हरणाच्या बाबतीत निर्माण झाला? ज्याच्या पोटात बाण लागला, त्याच्या. ज्याच्या दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला, ते बहुधा डोळ्यांसमोरच पडते. तेथे शोधाचा वाद नाही, पाण्याची शंका नाही, बारा तासांची तडफड नाही. चुकीच्या नेमाचा त्रास प्रथम त्या मुक्या जिवाला होतो आणि मग शंकेच्या रूपाने तो शिकाऱ्याच्या ताटात येतो. नेम योग्य असला तर दया आणि हलाल एकाच जागी भेटतात.

आपल्या घरासाठी

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती धनुष्य कधी येणार नाही. परंतु ईदुल अजहाला सुरी येते. तिला आदल्या दिवशीच धार लावली आहे का? एका जनावरासमोर दुसरे कापले जात नाही ना? हे प्रश्न त्याच एका हदीसमधून येतात. आणि गल्लीत गलोल घेऊन खारी-चिमण्यांवर नेम धरणारी आपली मुले? हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी काही तरुणांना एक पक्षी बांधून त्यावर नेमबाजी करताना पाहिले, तेव्हा त्यांनी सांगितले की, सजीवाला निशाणा बनवणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) शाप उच्चारला आहे. नेमबाजी शिकण्यास इस्लामने उत्तेजन दिले आहे; परंतु सरावासाठी फळी आहे, मातीचा ढीग आहे. जीव हा सरावाचा विषय नाही.

त्या पित्याला माझे उत्तर थोडक्यात असे : मुलाला सांगा, नाव अल्लाहचे, पाते धारदार, नेम खांद्यामागे छातीत, कमरेला सुरी, आणि नेम पक्का नसेल तर धनुष्य खाली. त्या दिवशी तो रिकाम्या हाताने घरी परतला तरी, इन्शाअल्लाह, त्याच्या कर्मपत्रात ते रिते लिहिले जाणार नाही.

अल्लाह आपल्याला प्रत्येक कामात एहसानची सद्बुद्धी देवो, आपले अन्न हलाल व पवित्र ठेवो आणि मुक्या जिवांच्या बाबतीत आपल्या हृदयात त्याचे भय जागे ठेवो. आमीन.